अटन ते आम्नाय : रिद्धपूर येथील महानुभाव मठजीवनाची मध्ययुगीन जडणघडण

सारांश

मध्ययुगीन मठसंस्थेचा विचार करताना युरोपातील बेनेडिक्टाइन मठ हा आदर्श नमुना मानला जातो. एका जागी राहणे, नियमाने जगणे आणि ग्रंथांचे जतन करणे ही त्या मठांची प्रमुख लक्षणे होत. तेराव्या शतकात विदर्भातील रिद्धपूर येथे महानुभाव साधकांची जी वस्ती झाली, तिची मूळ शिकवण मात्र नेमकी याच्या उलट, म्हणजे नित्य अटन करण्याची होती. असे असूनही या वस्तीतून ग्रंथलेखन, परंपरा आणि मठजीवन निर्माण झाले. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्याची कोणती किंमत पंथाला व मराठी भाषेला मोजावी लागली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बीजशब्द : महानुभाव, रिद्धपूर, अटन, आम्नाय, लीळाचरित्र, सकळ लिपी, बेनेडिक्टाइन मठ

प्रास्ताविक

मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकविताना मठसंस्थेचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. संत बेनेडिक्ट (सुमारे इ.स. ४८० ते ५४७) यांनी इटलीतील मॉन्टे कॅसिनो येथे इ.स. ५२९ च्या सुमारास स्थापन केलेला मठ, त्यांची त्र्याहत्तर प्रकरणांची नियमावली, इ.स. ९१० मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेला क्लूनीचा मठ आणि या मठांनी केलेले हस्तलिखितांचे जतन हा भाग आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता का होईना ठाऊक असतो. परंतु मारेगाव ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर नावाचे गाव आहे आणि तेथे तेराव्या शतकात संन्यासी स्त्री-पुरुषांचा एक समुदाय एकत्र राहिला, त्याने मराठी गद्याचा पाया घातला, ही बाब बहुतेकांना मराठी वाङ्मयाच्या तासाला कळते. इतिहासाच्या तासाला कळत नाही. रिद्धपूरचा अभ्यास प्रामुख्याने वाङ्मयेतिहासाच्या अंगाने झाला. संस्थेचा इतिहास म्हणून त्याकडे पाहण्याचा हा एक प्रयत्न होय.

उद्दिष्टे

१. महानुभाव पंथाच्या मूळ आचारधर्मातील अटनाचे स्थान स्पष्ट करणे.
२. रिद्धपूर येथील वस्ती, लेखन आणि आम्नायव्यवस्था यांच्या परस्परसंबंधांचा शोध घेणे.
३. सकळ लिपीमुळे ग्रंथांचे झालेले संरक्षण आणि त्याचे परिणाम तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लीळाचरित्र, ऋद्धिपूरलीळा, सूत्रपाठ, स्मृतिस्थळ आणि स्थानपोथी या महानुभाव ग्रंथांतील माहितीचा आधार घेतला आहे. बेनेडिक्टाइन मठांशी केलेली तुलना ही प्रभाव दाखविण्यासाठी नाही. या दोन परंपरांचा परस्परांशी कोणताही संबंध नव्हता. समान प्रश्नाला दोन भिन्न समाजांनी दिलेली उत्तरे शेजारी ठेवली असता आपल्याकडील उत्तराचे वेगळेपण स्पष्ट होते, एवढाच या तुलनेचा हेतू आहे.

१. दोन आदर्श : स्थैर्य आणि अटन

बेनेडिक्टच्या नियमावलीचे पहिलेच प्रकरण साधूंच्या चार प्रकारांविषयी आहे. त्यांतील सर्वांत निकृष्ट प्रकार म्हणून त्याने भटक्या साधूंचा निर्देश केला आहे. प्रांतोप्रांती हिंडणारे, तीन-चार दिवस एका ठिकाणी पाहुणचार घेऊन पुढे निघणारे आणि कधीही स्थिर न होणारे साधू त्याला मान्य नव्हते. म्हणून त्याच्या मठात प्रवेश करणाऱ्यास त्याच मठात आयुष्यभर राहण्याची प्रतिज्ञा करावी लागे. रोमन साम्राज्य कोसळत असताना, चहूकडे लुटालूट आणि स्थलांतर चालू असताना, एका जागी टिकून राहणे हीच साधना ठरली, हे त्या काळाच्या संदर्भात समजण्याजोगे आहे. श्रम आणि वाचन यांचे तास ठरलेले, अधिकार मठाधिपतीकडे आणि उपजीविका मठाच्या जमिनीवर, अशी ती व्यवस्था होती.

महाराष्ट्रात चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना जो आचार सांगितला, तो याच्या अगदी विरुद्ध टोकाचा आहे. पंथपरंपरेनुसार चक्रधर हे मूळचे गुजरातेतील भडोचचे, प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरपाळदेव. रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने ते घराबाहेर पडले आणि रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंची भेट होऊन त्यांच्या जीवनाला निराळे वळण लागले. पुढे त्यांनी महाराष्ट्रभर भ्रमण केले. केशिराजबास तथा केसोबास यांनी संकलित केलेल्या सूत्रपाठात त्यांच्या वचनांचा संग्रह आहे. त्यातील आचारविषयक सूत्रांचा आशय असा की, साधकाने स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः आप्तस्वकीय यांचा संबंध सोडावा, एकाकी हिंडावे, वस्तीपासून दूर, झाडाखाली राहावे, भिक्षेत जे मिळेल ते आवडनिवड न करता स्वीकारावे, आणि ईश्वराचे स्मरण करीत देह झिजवावा. अटन, विजन, भिक्षा आणि भोजन या चार शब्दांत हा दिनक्रम सामावतो. कानडी व तेलंग प्रदेशांकडे न जाता महाराष्ट्रातच राहण्याचा त्यांचा आदेशही प्रसिद्ध आहे. म्हणजे चालणे नित्याचे, पण त्या चालण्याला भाषेची सीमा होती.

या आचाराला तत्कालीन संदर्भ आहे. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, महादेव (इ.स. १२६१ ते १२७१) आणि रामदेव (इ.स. १२७१ ते १३११) यांच्या काळात, देवालये, अग्रहार आणि शैव मठ यांना राजाश्रय होता. हेमाद्रीसारख्या प्रधानाच्या प्रेरणेने व्रते, दाने आणि प्रायश्चित्ते यांचे प्रचंड ग्रंथ रचले जात होते. एका जागी स्थिर झालेला मठ म्हणजे दान, दानाबरोबर दात्याचा अधिकार आणि त्या अधिकाराबरोबर जातीची उतरंड, हे चित्र चक्रधरांच्या डोळ्यांसमोर होते. अटन हा त्या साऱ्यातून बाहेर पडण्याचा मार्ग होता. ज्याला घर नाही, गाव नाही आणि ज्याने कोणाचीही भिक्षा नाकारायची नाही, त्याला वर्णाचे सोवळे पाळणेच शक्य नव्हते. बेनेडिक्टला भटकेपणात साधनेचा नाश दिसला. चक्रधरांना तो स्थैर्यात दिसला.

२. रिद्धपूरची वस्ती

मग हा समुदाय एका जागी थांबला कसा? याचे उत्तर रिद्धपूर आणि गोविंदप्रभू यांच्यात आहे. गोविंदप्रभू अथवा गुंडम राऊळ यांचा जन्म रिद्धपूरजवळच्या काटसरे येथे झाला आणि त्यांचे आयुष्य प्रामुख्याने रिद्धपूर परिसरातच गेले. ते कोणालाही उपदेश करीत नसत. त्यांचे वागणे लोकांना वेडेपणाचे वाटे. कोणाच्याही घरात शिरावे, तेथले खावे, मुलांशी खेळावे, क्षणात रागवावे, क्षणात हसावे, असे त्यांचे चित्र ऋद्धिपूरलीळेत येते. महार-मातंगांच्या वस्तीतही ते मोकळेपणाने वावरत आणि पाण्यावाचून कष्टणाऱ्या त्या लोकांसाठी त्यांनी विहिरीची जागा दाखविल्याची आठवण या ग्रंथात आहे. अनुयायांच्या दृष्टीने हे वेड नव्हते. ते ईश्वराचे स्वच्छंद वर्तन होते. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर अशा पाच अवतारांना पंथ 'पंचकृष्ण' मानतो.

इ.स. १२७४ च्या सुमारास चक्रधरांनी, पंथाच्या भाषेत सांगायचे तर, उत्तरापंथे गमन केले. त्यांच्या मागे नागदेवाचार्य तथा भटोबास यांच्यासह मुख्य शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी आले. इ.स. १२८७-८८ च्या सुमारास गोविंदप्रभूंचे देहावसान झाले. तोपर्यंतची सुमारे चौदा वर्षे हा समुदाय रिद्धपूरशी बांधलेला राहिला. महानुभाव मठजीवनाचा हाच आरंभ होय.

या चौदा वर्षांचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. येथे कोणी मठ स्थापन केला नाही. कोणी जमीन दान दिली नाही, कोणी नियमावली लिहिली नाही. ईश्वर एका गावी होता म्हणून भक्त त्या गावी राहिले. दिनक्रम गोविंदप्रभूंच्या लहरीभोवती फिरत असे. त्यांचे स्नान, भोजन, पहुडणे, गावातून हिंडणे यांतील सेवा शिष्यांनी वाटून घेतल्या होत्या. त्यांचा मुक्काम ज्या 'राजमढात' असे, ते स्थान आज राजमठ म्हणून पूजिले जाते. जुन्या मराठीत 'मढ' हा शब्द लहानशा देवस्थानालाही लावीत असत. त्याच शब्दातून साधूंच्या निवासाचा अर्थही व्यक्त होतो. या शब्दाची दुहेरी अर्थच्छटा रिद्धपूरच्या वस्तीला चपखल लागू पडते. देवाची जागा होती, म्हणून ती माणसांची जागा झाली.

३. वाजेश्वरीतील लेखन

चक्रधरांच्या जाण्याने शिष्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो प्रत्येक संस्थापकामागे राहणाऱ्या समुदायापुढे उभा राहतो : ज्यांनी त्यांना पाहिले त्यांच्यानंतर काय? पंथीय परंपरेनुसार भटोबास एकांतात बसून स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत असत. म्हाइंभटांनी ते पाहिले. आपल्याला या आठवणी आहेत, पण पुढे येणाऱ्यांना कोणता आधार, हा विचार त्यांनी भटोबासांपुढे मांडला. त्यातून रिद्धपूर येथील वाजेश्वरी या स्थानी लीळांच्या संकलनाला प्रारंभ झाला.

म्हाइंभट हे सराळे येथील विद्वान व संपन्न ब्राह्मण होते. वादविवादाच्या ईर्षेने ते चक्रधरांकडे आले आणि शिष्य झाले. त्यांची कार्यपद्धती इतिहासाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावी अशी आहे. ज्या व्यक्तीसमोर प्रसंग घडला, त्या व्यक्तीला गाठून त्यांनी तो ऐकला. स्वतः फिरून माहिती मिळविली. ती भटोबासांकडून पडताळून घेतली. प्रसंग कोठे घडला, सोबत कोण होते, चक्रधर काय बोलले, हे तपशील जपले गेले. महानुभाव ग्रंथकारांनी निरनिराळ्या व्यक्तींनी सांगितलेले पाठभेद त्यांच्या नावानिशी नोंदविले, एक पाठ ठेवून दुसरा पुसून टाकला नाही. ईश्वराच्या शब्दात आपला शब्द मिसळू नये, ही त्यामागील धार्मिक भीती होती. परंतु तिचा परिणाम इतिहासलेखनाच्या शिस्तीशी मिळताजुळता झाला. लीळाचरित्रातून यादवकालीन अन्न, वस्त्र, घरे, बाजार, प्रवास, जातिव्यवहार आणि बोलभाषा यांची जी माहिती मिळते, ती शिलालेखांतून व ताम्रपटांतून मिळत नाही.

येथे एक विसंगती दिसते आणि तीच या संस्थेच्या इतिहासाचा गाभा आहे. लीळा गोळा करण्यासाठी हिंडावे लागले, म्हणजे अटनाच्या सवयीनेच ग्रंथाला साहित्य पुरविले. परंतु ग्रंथ सिद्ध करण्यासाठी एका जागी बसावे लागले. बेनेडिक्टाइन मठात आधी भिंती उभ्या राहिल्या आणि मग आत ग्रंथ आले. रिद्धपुरात आधी ग्रंथ आला. भिंती पुष्कळ नंतर आल्या.

४. भाषा आणि स्त्रिया

या लेखनाची भाषा मराठी राहिली, ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नव्हती. केसोबास संस्कृतचे जाणकार होते. त्यांचे रत्नमालास्तोत्र संस्कृतात आहे. स्मृतिस्थळ या नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथात असा प्रसंग येतो की, शास्त्रप्रकरण संस्कृतात रचण्याचा विचार निघताच भटोबासांनी तो रोखला. त्यामुळे आपल्या वृद्ध स्त्री-साधकांना ज्ञानाला मुकावे लागेल, असे कारण त्यांनी दिले. धर्मग्रंथाची भाषा कोणती असावी, याचा निकाल समुदायातील सर्वांत कमी शिकलेल्या व्यक्तीला काय कळेल या निकषावर येथे लावला गेला. त्याच काळात युरोपातील मठांत नियमावली आणि धर्मग्रंथ लॅटिनमध्ये होते व तेथे प्रवेश करणाऱ्याला ती भाषा शिकणे भाग होते. रिद्धपूरने ग्रंथाला माणसाच्या भाषेत आणले.

हा निकष कल्पनेतला नव्हता, कारण त्या स्त्रिया समोर होत्या. बाइसा, महदाइसा, आउसा, उमाइसा अशा अनेक जणी चक्रधरांच्या परिवारात होत्या. विटाळाच्या कल्पनेने स्त्रीला साधनेपासून दूर ठेवणे चक्रधरांना मान्य नव्हते. शरीरातून इतर मल बाहेर पडतात त्याप्रमाणेच रजाचा विचार करावा, असा त्यांचा युक्तिवाद लीळाचरित्रात आला आहे. महदाइसा अथवा महदंबा ही त्यांतील विशेष जिज्ञासू स्त्री. गोविंदप्रभूंना विवाहाची लहर आली, तेव्हा रिद्धपुरात रचलेले तिचे 'धवळे' हे मराठीतील पहिल्या ज्ञात कवयित्रीचे काव्य मानले जाते. बेनेडिक्टाइन परंपरेत स्त्रियांचे मठ होते, पण ते वेगळे होते. महानुभावांत स्त्री आणि पुरुष एकाच मार्गाचे घटक होते आणि दोघांनाही अनुसरणाचा, म्हणजे संन्यास घेऊन मार्गात येण्याचा अधिकार होता. संस्थेच्या या रचनेमुळेच भाषेचा प्रश्न उपस्थित झाला आणि योग्य रीतीने सुटला.

५. विखुरणे, ग्रंथनाश आणि आम्नाय

गोविंदप्रभूंच्या मागे रिद्धपुरात थांबण्याचे कारण उरले नाही. भटोबासांच्या नेतृत्वाखाली समुदाय पुन्हा अटनाकडे वळला. स्मृतिस्थळात या काळाचे चित्र आहे. तेथे प्रत्यक्ष ईश्वर नाही. त्याची वचने आहेत आणि त्या वचनांप्रमाणे कसे वागावे याविषयीचे वाद, शंका व भटोबासांनी दिलेले निर्णय आहेत. ॲन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी इ.स. १९९२ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षक ईश्वराच्या अनुपस्थितीवर बेतलेले आहे, ते यथार्थ होय.

याच सुमारास बाहेरची परिस्थिती पालटली. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि पुढील दोन दशकांत यादवसत्ता नामशेष झाली. या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथपरंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला. यांत हिराइसा या साधिकेचे नाव आदराने घेतले जाते आणि लीळाचरित्राचा एक पाठ 'हिराइसापाठ' म्हणून ओळखला जातो. लीळाचरित्राच्या पोथ्यांत आज जे अनेक पाठ आढळतात, त्यांचे मूळ या पुनर्रचनेत आहे. ज्या वृद्ध स्त्रियांसाठी ग्रंथ मराठीत ठेवला, त्यांच्याच परंपरेतील एका स्त्रीच्या स्मरणामुळे तो वाचला. भटोबासांचा निर्णय केवळ करुणेचा नव्हता. संस्थेच्या दृष्टीने तो दूरदर्शीपणाचाही ठरला, असे म्हणता येईल.

मॉन्टे कॅसिनोचा मठही सहाव्या शतकात लोंबार्डांनी उद्ध्वस्त केला, इ.स. ८८३ मध्ये अरब आक्रमकांनी जाळला आणि इ.स. १९४४ मध्ये बाँबहल्ल्यात तो जमीनदोस्त झाला. प्रत्येक वेळी तो त्याच टेकडीवर पुन्हा उभारला गेला. तेथे स्थानाचे सातत्य होते. महानुभावांचे सातत्य माणसांच्या साखळीत होते. त्या साखळीलाच 'आम्नाय' ही संज्ञा आहे. भटोबासांनंतर गुरुशिष्यपरंपरेच्या शाखा होत जाऊन चौदाव्या शतकात तेरा आम्नाय झाल्याचे परंपरा मानते. त्यांपैकी कवीश्वर आणि उपाध्ये हे आम्नाय विशेष प्रसिद्ध आहेत. कोणाचे शास्त्र कोणाकडून आले, याची नोंद ठेवणारे अन्वयस्थळ, सूत्रांचा प्रसंग सांगणारे प्रकरणवश, आचाराचे विवरण करणारे आचारबंद, व्याकरणविचार करणारा भीष्माचार्यांचा पंचवार्तिक अशी ग्रंथरचना या परंपरेत झाली. एका वचनाचा अर्थ लावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खर्ची घालणारी ही विद्वत्ता कोणत्याही बेनेडिक्टाइन ग्रंथालयाच्या तोडीची होती. फरक एवढाच की तिच्यासाठी ग्रंथालयाची इमारत नव्हती. पोथी झोळीत होती.

६. स्थान : थांबण्याचे धर्मसंमत कारण

तरीही कालांतराने महानुभाव मठ उभे राहिले, महंतांच्या गाद्या निर्माण झाल्या. अटनाचा आदेश सूत्रपाठात कायम असताना हे कसे शक्य झाले? याचे उत्तर 'स्थान' या कल्पनेत सापडते. चक्रधर आणि गोविंदप्रभू जेथे जेथे बसले, जेवले, निजले, ती प्रत्येक जागा अनुयायांना वंदनीय झाली. अशा जागी ओटे बांधण्यात आले. स्थानपोथी या ग्रंथात ही स्थाने गाववार नोंदविली असून देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, स्वामींचे आसन कोठे, असे तपशील दिले आहेत. मध्ययुगीन महाराष्ट्रातील गावांच्या रचनेचे आणि आज नाहीशा झालेल्या अनेक देवळांचे ते एक अपूर्व दप्तर आहे. सातीग्रंथांपैकी नारोबास बहाळिये यांचे 'ऋद्धिपूरवर्णन' हे काव्य तर संपूर्णतः एका गावाच्या माहात्म्यासाठीच लिहिले गेले.

स्थानवंदनासाठी हिंडणे हे अटनच होते. म्हणून सुरुवातीला स्थानांनी अटनाला दिशा दिली. परंतु स्थानाची झाडलोट करणे, दिवा लावणे, आलेल्या यात्रेकरूंची सोय पाहणे यासाठी कोणीतरी तेथे राहणे ओघानेच आले. जो साधक घरासाठी थांबू शकत नव्हता, तो स्थानासाठी थांबू शकत होता. शिवाय अनुसरण न घेता गृहस्थाश्रमात राहून उपदेश घेतलेल्या वासनिकांचा मोठा वर्ग तयार झाला होता. त्यांना संन्याशांचा आधार ठराविक जागी मिळणे गरजेचे होते. अशा रीतीने आदेश न बदलता आचार बदलला. आपल्याच भूमीत त्यापूर्वी बौद्ध भिक्षूंच्या बाबतीत असेच घडले होते. वर्षावासापुरते थांबणारे भिक्षू पुढे अजिंठा-कान्हेरीच्या विहारांत स्थायिक झाले. मात्र त्या विहारांना राजे आणि व्यापारी यांच्या दानाचा आधार होता. महानुभाव स्थानांचा मूळ आधार भिक्षा आणि स्मरण हाच होता.

७. सकळ लिपी : संरक्षण आणि त्याची किंमत

चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिण्यास प्रारंभ केला. त्यांतील सकळ लिपी सर्वाधिक प्रचलित झाली. तिची योजना 'सह्याद्रिवर्णन'कार रवळोबास यांनी केल्याचे मानले जाते. या लिपीत नागरी अक्षरेच वापरली जातात, परंतु एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर योजिले जाते. किल्ली ज्याच्याकडे असेल त्यालाच मजकूर वाचता येतो. सुंदरी इत्यादी अन्य लिपीही वापरात होत्या. असे का करावे लागले, याची कारणे अभ्यासकांनी निरनिराळी दिली आहेत. राजकीय अस्थिरता, सनातनी वर्गाचा विरोध आणि अनधिकारी व्यक्तीच्या हाती शास्त्र पडू नये ही इच्छा, ही त्यांतील प्रमुख होत. वर्णव्यवस्था नाकारणाऱ्या, स्त्रियांना संन्यास देणाऱ्या आणि काळे वस्त्र धारण करणाऱ्या या पंथाला समाजाच्या तिरस्काराला तोंड द्यावे लागले, हे सर्वश्रुत आहे. त्या परिस्थितीत ही लिपी म्हणजे भिंत होती. बेनेडिक्टच्या अनुयायांनी दगडाची भिंत बांधली. महानुभावांनी अक्षरांची बांधली.

या भिंतीने ग्रंथ वाचविले, यात शंका नाही. पंथ पंजाबात गेला आणि तेथे 'जयकृष्णी' म्हणून ओळखला गेला, तेव्हाही मराठी शास्त्र त्याच्याबरोबर तेथवर पोहोचले. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. भटोबासांनी ज्ञान वृद्ध स्त्रियांना कळावे म्हणून मराठी निवडली होती. पुढच्या पिढ्यांनी तीच मराठी इतरांना कळू नये अशा लिपीत कोंडली. लिपीबाहेरच्या मराठी समाजाला आपल्या भाषेतील सर्वांत जुन्या गद्यग्रंथाचा पाच शतकांहून अधिक काळ पत्ता नव्हता. त्या समाजाच्या मनात महानुभावांविषयी जे गैरसमज वाढत गेले, ते खोडून काढणारा पुरावा पंथाच्या पोथ्यांतच होता, पण तो वाचता येत नव्हता. तिरस्कारामुळे गुप्तता आली आणि गुप्ततेमुळे तिरस्कार बळावला. महानुभावांच्या इतिहासातील ही सर्वांत करुण बाजू आहे. तिचा दोष एकट्या पंथावर टाकता येणार नाही.

८. पुनर्शोध

विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. त्यानंतर पंथातील महंतांनीही पोथ्या खुल्या करण्यास साहाय्य केले आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. या कार्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे. यवतमाळचे य. खु. देशपांडे व्यवसायाने वकील होते. त्यांनी महानुभाव वाङ्मयाचा व्यासंग केला आणि यवतमाळच्या शारदाश्रमाच्या द्वारे जुन्या पोथ्यांचा संग्रह व संशोधन पुढे नेले. नागपूर येथून ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इ.स. १९७८ मध्ये प्रकाशित केले. त्यावरून वादही निर्माण झाले. ज्या ग्रंथाकडे अभ्यासक इतिहासाचे साधन म्हणून पाहतो, तोच ग्रंथ अनुयायाला ईश्वराची मूर्ती वाटतो, हे त्या वादांमागचे मूळ कारण होते. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत, हे लक्षात ठेवूनच या साधनांचा वापर केला पाहिजे.

इ.स. २०२४ मध्ये रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. वाजेश्वरीत लीळा लिहिल्या गेल्या, त्या गावी भाषेचे विद्यापीठ व्हावे हे उचित आहे.

निष्कर्ष

१. रिद्धपूर येथील महानुभाव मठजीवन कोणत्याही स्थापनेतून अथवा दानातून निर्माण झाले नाही. इ.स. १२७४ ते १२८८ या काळात गोविंदप्रभूंच्या सान्निध्यासाठी थांबलेल्या साधकांच्या वस्तीतून ते उदयास आले.

२. बेनेडिक्टाइन मठाचे सातत्य जागेवर अवलंबून होते. महानुभावांचे सातत्य ग्रंथ, स्मरण आणि आम्नाय यांवर अवलंबून राहिले. म्हणून पोथी नष्ट झाल्यावरही ती पुन्हा सिद्ध होऊ शकली.

३. मराठी भाषेची निवड ही संस्थेतील स्त्रियांच्या सहभागाशी थेट निगडित होती. मराठी गद्याच्या उगमाचा इतिहास या स्त्रियांना वगळून सांगता येत नाही.

४. स्थानवंदनाच्या कल्पनेमुळे अटनाचा आदेश न मोडता स्थिर मठजीवन शक्य झाले.

५. सकळ लिपीने ग्रंथांचे रक्षण केले, परंतु पंथ आणि समाज यांतील अंतरही वाढविले. भाषा सर्वांची असली तरी लिपी थोड्यांची राहिली, तर ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचत नाही.

शेवटी एक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. महानुभाव परंपरेतील अनेक पोथ्या आजही खासगी संग्रहांत आणि मठांत आहेत. त्यांच्या सूची करणे, छायाप्रती काढणे आणि स्थानपोथीतील स्थाने प्रत्यक्ष भूमीवर तपासून पाहणे हे काम विदर्भातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांच्या आवाक्यातील आहे. म्हाइंभटांनी ते पायी हिंडून केले होते. आपल्याला रस्ते आणि साधने उपलब्ध आहेत; त्यांची तळमळ तेवढी मिळवावी लागेल.